कोळ्याचा श्रावण

मी खोडकर होतो असं लोक आता कौतुकानं सांगतात. तेव्हा हेच लोक माझ्यासाठी वेगळा शब्द वापरायचे. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला होतो. राहायला गल्लीच्या टोकाला पत्र्याची खोली होती. खोलीत खाट एक आणि तिच्यावर झोपणारे दोघं. दिवसपाळीला मी आणि रातपाळीला उत्तरेकडून आलेला एक विणकर. सकाळी मी उठून कारखान्यात जायचो, तिथून तो सुटायचा आणि मी सोडलेल्या जागेवर येऊन आडवा व्हायचा. लूम तेच, खाट तीच, माणूस तेवढा बदलायचा. दोघं एका वेळी खोलीत सापडायचो ते फक्त शुक्रवारी, कारण शुक्रवारी लूम बंद.

तो माझ्यापेक्षा बराच मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला भाऊ म्हणायचा. रागावला की मात्र 'आप' म्हणायचा. कुणी आदरानं बोलावलं की आधी दार कुठे आहे ते बघायची सवय मला तेव्हाच लागली.

रागावायला त्याला कारणं होती, आणि ती सगळी मीच पुरवलेली. ताण्याचं सूत ताठ व्हावं म्हणून त्याला खळ लावतात. एका शुक्रवारी भाई झोपेत असताना मी ती थोडी त्याच्या मिशीला लावली. उठला तेव्हा मिशी सायकलच्या हँडलसारखी दोन बाजूंना उभी. त्याला पत्ता नाही. तसाच चहाला गेला, आणि अख्खी टपरी आज आपल्याकडे इतकी आपुलकीनं का बघतेय याचा विचार करत परत आला.

अशा माणसाला पुढे जे भोगावं लागलं ते योग्यच होतं, हे मी आधीच मान्य करून टाकतो. म्हणजे मध्येच कुणी माझी बाजू घ्यायला नको.

माझं गाव वडप्याच्या पलीकडे. पावसाळ्यात एकदा गावी गेलो होतो. शेताच्या बांधावरचा दगड उलटला तर खाली हा बसलेला. कोळी. पण घरात जाळी लावतो तो काडीसारखा नव्हे. तळहाताएवढा, जाडजूड पायांचा, अंगभर केस, बसल्या जागी पुढचे दोन पाय उचलून 'ये की' म्हणणारा. दुसऱ्या कुणी दगड परत ठेवून दिला असता. मी त्याला काडीनं ढकलत जेवणाच्या डब्यात घेतलं आणि भिवंडीपर्यंत मांडीवर डबा धरून, तोंड गंभीर ठेवून आलो.

भाईला सांगितलं, आईनं तुमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या दिल्यात. त्यानं हात धुतले, बैठक मारली, डबा उघडला. मी दाराशी, पळायच्या तयारीत. भाई डब्यात वाकून बराच वेळ बघत राहिला. ना ओरडला ना डबा फेकला. मग म्हणाला, "भाऊ, ये तो अपनी बिरादरी की निकली. ये भी बुनती है."

माझी इतकी मेहनतीची मस्करी अशी पाण्यात गेली. भाईनं मिठाईवाल्याकडून काचेची मोठी बरणी आणली, तळाशी माती घातली, एक फुटकं कौलाचं खापर आडोसा म्हणून ठेवलं, तोंडाला विरळ कापड बांधलं. बाटलीच्या बुचात पाणी. रोज सकाळी कामावरून आला की आधी बरणीजवळ उकिडवा बसायचा आणि हलक्या आवाजात आतल्या कोळ्याला रात्रीची हकिकत सांगायचा. धागा किती वेळा तुटला, जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, काय बोलला. घरची माणसं मुलखात, वर्षाकाठी एकदा भेट. खोलीत ऐकून घेणारं कुणी नव्हतं. मी होतो, पण मी ऐकून घेणाऱ्यातला नव्हतो. झुरळ टाकलं की कोळी दबा धरायचा आणि एका झेपेत पकडायचा. भाई खूश.

आणि मग एक दिवस कोळ्यानं झुरळाकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर तर झुरळ अंगावरून चालत गेलं तरी हा ढिम्म. हळूहळू रूपही बदलायला लागलं. आधी अंगावर तपकिरी मखमल होती, ती विटली, धुळीत लोळल्यासारखी झाली. पाठीमागचा फुगीर भाग काळपट पडला. त्यावरचे केस काचेला घासून घासून गेले आणि मधोमध चक्क टक्कल दिसायला लागलं.

शुक्रवारी भाईनं बरणी उजेडात धरली. बराच वेळ निरखलं. मग बरणी खाली ठेवून माझ्याकडे वळला.

"आपने इसके बाल नोचे?"

मी शपथा घेतल्या. आईची, लुमाची, जे जे आठवलं त्याची. पण मिशीला खळ लावणाऱ्याच्या शपथेला बाजारात काय भाव असणार? दिवसभर भाई झोपलेला, संध्याकाळी तो कामावर गेला की कोळी आणि मी दोघंच खोलीत. रोज रात्री मी त्याला छळतो, म्हणून त्यानं अन्न सोडलं, असा भाईचा हिशेब झाला. हिशेबात चूक फक्त एवढीच होती की या खेपेला मी खरोखर काही केलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच निर्दोष होतो आणि ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

भाईनं सांगून टाकलं, काल्हेरला त्याच्या मुलखाची माणसं राहतात, येत्या शुक्रवारी पेटी उचलून तो तिकडे जाणार. मकडी, कोळ्याला तो मकडीच म्हणायचा, वाचली तर तिला घेऊन, नाही वाचली तर एकटा. त्यानंतर पाळी बदलताना तो माझ्याशी बोलेना. लूम माझ्या हातात देताना धागा कुठे सैल आहे एवढं बोटानं दाखवायचा आणि निघून जायचा. 

त्या आठवड्यात मला एकच ध्यास. कोळ्यानं खाल्लं पाहिजे. खाल्लं की रंग येईल, केस येतील, भाई राहील. मी खोलीतली झुरळं संपवली आणि शेजाऱ्यांकडची मागायला लागलो. शेजारीण म्हणाली, न्या की, विचारता काय. ढेकूणही न्या. चांगली गुबगुबीत झुरळं निवडून मी बरणीत सोडली. एक नको असेल तर दुसरं आवडेल, असा माझा विचार. चार दिवसांत बरणीची खानावळ झाली आणि कोळी एका कोपऱ्यात, लग्नाच्या पंगतीत रुसून बसलेल्या व्याह्यासारखा.

आमचे जेवणाचे डबे ज्या मावशी द्यायच्या, त्या एकदा डबा घेऊन खोलीपर्यंत आल्या. आमच्याच बाजूच्या गावच्या. बरणी पाहिली, माझा उद्योग पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"श्रावण चाललाय, उपास हाय त्याचा. आनि तू त्याच्यापुढं झुरलं टाकतोस? लाज न्हाय तुला?"

मी म्हटलं, मावशी, कोळ्याला कसला श्रावण. त्यावर त्या म्हणाल्या की तुझ्यापेक्षा त्याला कळतं, तू तर काल सोमवारी अंडं मागितलंस. आणि निघून गेल्या. उपासाचं त्यांचं निदान बरोबर होतं. फक्त तो देवासाठी नव्हता, तेवढं पुढे कळलं.

शुक्रवार उजाडला. भाई रातपाळी करून आला आणि माझ्याकडे न बघता पेटी ओढून तीत कपडे भरायला लागला. लुंगी, दोन सदरे, वस्तऱ्याची डबी. मग बरणी घ्यायला वाकला आणि तसाच थांबला.

कोळी उताणा पडला होता. आठही पाय वर. खाली पांढऱ्या धाग्याची पातळ चटई विणलेली, तिच्यावर पाठ टेकून गतप्राण.

 भाईनं पेटीतून कोऱ्या कापडाचा एक तुकडा काढला, कफनासाठी. तो उलगडता उलगडता म्हणाला, "अब तो हँस लीजिए."

मला हसू आलं नाही. मी बरणीपुढे बसलो आणि मेलेल्याकडे बघत राहिलो. एक झुरळ मिशा हलवत त्याच्या पायाशी आलं आणि कुरतडायला तोंड लावलं. तेवढ्यात तो पाय आखडला.

मी डोळे बारीक करून पाहिलं. छातीच्या कडेनं एक फट पडली होती. फटीतून आत काहीतरी फिकट, ओलसर, मऊ.

आणि मग मला माझ्या डोक्यात खराट्यानं मारावंसं वाटलं. आम्ही ओढ्याकाठची माणसं. पावसाळ्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडत वाढलो. जुनी कवटी, म्हणजे वरचं कवच, टाकून बाहेर आलेली मऊ चिंबोरी हाती लागली की ती आधी कुणी खायची यावरून भावंडांची मारामारी. कवटी टाकायच्या आधी चिंबोरी सुस्त होते, काळवंडते, आमिषाला तोंड लावत नाही, हे मला तोंडपाठ. तेच सगळं आठवडाभर माझ्यासमोर बरणीत चाललं होतं आणि मी त्याला जेवायचा आग्रह करत होतो. आता तो मऊ होऊन असहाय पडलेला, आणि मी पाळलेली गुबगुबीत झुरळं त्याला जिवंत खाणार होती.

मी भाईचा हात धरला. म्हटलं, मेली नाही, कात टाकते आहे, हलवू नका. त्यानं हात सोडवून घेतला. माझा चेहरा नीट न्याहाळला, हसू कुठे दबलंय का ते शोधायला. मी म्हटलं, "भाई, कसम नाही घेत. फक्त बघा."

बहुतेक शपथ न घेतल्यामुळेच त्याला शंका आली की हा खरं बोलतोय.

बरणीच्या तोंडाचं कापड सोडलं. बरणी हलवायची नाही, कोळ्याला धक्का नाही, आणि झुरळं तर बाहेर काढायची. भाईनं लुमावर धागा ओढून घ्यायचा आकडा आणला. तुटलेला एक धागा हजारातून अलगद उचलणारा तो हात. एकेक झुरळ वर यायचं आणि मी ते चपलेनं निकालात काढायचो. मला तेवढंच काम दिलं होतं. मध्ये एकदा त्यानं खालच्या चटईकडे बघून मान हलवली आणि विणकाम फार ढिलं आहे अशी तक्रार केली. आठवडाभरात माझ्याशी न रागावता बोललेलं पहिलं वाक्य.

मग आम्ही दोघं पोटावर पडून बघत राहिलो. पायमोजे काढावेत तसा कोळ्यानं एकेक पाय जुन्या पायातून ओढून काढला. थोडं ओढायचा, दमायचा, पडून राहायचा. भाई प्रत्येक पायाला श्वास रोखून. शेवटचा पाय सुटला तेव्हा बरणीत दोन कोळी होते. एक पोकळ, विटका, टकला. दुसरा फिकट, ओला, पण अंगभर नवी कोरी मखमल.

टक्कल पडलं होतं तिथे आलेले नवे केस भाईनं पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.  पेटीतले कपडे काढून परत खुंटीला लावले आणि खाटेवर झोपून गेला.

पुढेही काही दिवस कोळ्यानं काही खाल्लं नाही. या वेळी मी एक झुरळ टाकलं नाही. अंग टणक झालं तसा एका सोमवारी संध्याकाळी त्यानं झडप घातली, आणि मावशींनी गल्लीभर सांगितलं की सोमवार सोडला बघा त्यानं, अगदी सूर्य मावळल्यावर.

टाकलेली कात भाईनं जपून ठेवली होती. कुठे, ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी कामावर निघालो, भर बाजारात पोचलो तोच सर सुरू झाली. तिथेच छत्री उघडली आणि आठ केसाळ पाय माझ्या तोंडावर येऊन पडले.

मी कसा ओरडलो ते मला आठवत नाही. निजामपुऱ्याला बरीच वर्षं आठवत होतं. छत्री गटारात, एक चप्पल भाजीवाल्याच्या टोपलीत, आणि मी एका अनोळखी हातगाडीवर चढलेला. समोरच्या टपरीवर, त्या दिवशी रातपाळीहून मुद्दाम जरा लवकर सुटलेला भाई चहा पीत उभा होता. बशीतला चहा न सांडता त्यानं मिशी नीट केली.

"भाऊ," तो म्हणाला, "भाकरी खाओगे?"