विसण राखणारा

बाळारामच्या सुनेचा फोन आला तेव्हा बायको अंघोळीला गेली होती. "बाबा झोपेतच गेले…" एवढंच ती बोलली. बाळाराम माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. ती बाहेर येईपर्यंत मी फोन हातात धरून बसलो.

माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिण्यात चुका निघतील त्या काढा, बाळारामात काढू नका. रोडपालीला राहायचा. ट्रक चालवून थकल्यावर त्यानं एका जुन्या बसचं फिरतं घर केलं. आत झोपायला बाकं, ओटा, मोरी, भिंतीला गिझर. त्यात कुटुंबं बसवून कोकण फिरवायचा. गिझरचा काटा पन्नासच्या पुढं जाऊ देत नसे. मला कढत पाणी लागतं. मी म्हणायचो, "पाव्हण्यांना गारठवून मारतोस का रं?" तो म्हणायचा, "दाजी, तुमची कातडी म्हशीची. सगल्यांची तशी नाय."

एकदा आम्हा दोघांना घेऊन निघाला. कर्नाळ्याच्या पुढं गाडी लावली. बायको मोरीत होती. साखरेच्या दुखण्यानं तिचे पाय बधिर झालेत, चटका बसला तरी कळत नाही. मी चहाला पाणी घ्यायला ओट्याचा नळ सोडणार, तोच यानं माझं मनगट धरलं.

"दाजी, विसण चोरू नका."

मेहुण्यानं हात धरायचा म्हणजे काय! मग म्हणाला, पाइप एकच हाय, इथं गार पाणी घेतलं की तिथलं विसण तुटतं, बायच्या अंगावर नुसतं कढत पडेल. बादलीच्या अंघोळीत विसण, कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी, आपल्या हातात असतं. त्याच्या गाडीत ते ओट्याजवळच्या माणसाच्या हातात होतं… मी काही कबूल केलं नाही. त्या दिवशी चहाही घेतला नाही.

तो मात्र नळावर हात ठेवून उभाच. आतून तिनं विचारलं, "नलावर कोन हाय?"

"मी हाय बाय. तू घे पानी."

पुढं आमच्या करंजाड्याच्या घरी आला की इथंही तेच. ती विचारणार, तो सांगणार.

तेरावं झालं. गाडी रोडपालीला उभी आहे, चाकांखाली दगड लावून. परवा घरी मी चहाचं भांडं घेऊन ओट्याशी गेलो. आत पाणी पडत होतं. सवयीनं बायकोनं विचारलं, "नलावर कोन हाय?" आणि तिचं तिलाच आठवलं असावं… पाणी थांबलं.

मी भांडं खाली ठेवलं. बंद नळावर हात ठेवला.

"मी हाय," म्हटलं. "तू घे पानी."

बऱ्याच वेळानं आत पाणी पडू लागलं.