मानकूबाईचा न लिहिलेला प्रश्न

हे मी अजून कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ठाऊक नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. बंगळुरूच्या एका कंपनीनं मला कामावर घेतलं तेव्हा तर मी मान ताठ करून फिरले. त्यांचा फोन, म्हणजे त्यातलं मशीन, माणसाचा खोकला ऐकून सांगणार होता — क्षयाचा संशय आहे की नाही. पण आधी गावाला विचारायचं, गावाची भीती, शंका लिहून घ्यायच्या, असा नियम होता. चांगलाच नियम. कंपनीकडून आलेल्या मॅडमना मराठी येत नव्हती, म्हणून विचारायचं आणि लिहायचं काम माझं.

चंद्रपूरकडचं, जिवतीच्या डोंगरातलं गाव. सगळे गप्प बसून ऐकत होते. बोलली ती एकटी मानकूबाई — खोकून खोकून वाळलेली म्हातारी. म्हणाली, "मशीन नाई म्हणन, त मंग नर्सबाई मले पायन का नाई?" मशीन नाही म्हणालं, तर नर्स मला तपासेल की नाही, असं विचारत होती ती.

मागून कुणी म्हणालं, "तुले त मशीनबी भिईन, बाई." सगळे हसले, तीही हसली. मॅडमनी विचारलं, काय म्हणताहेत? आणि मी — मी इंग्रजीत सांगितलं, काही नाही, गंमत चाललीय.

काऊन सांगितलं असं? आपली माणसं अडाणी दिसू नयेत म्हणून? की मी त्यांच्यातली दिसू नये म्हणून?

आणखी एक आहे. आमच्याकडे गाव पहिल्या बैठकीत उत्तर देत नाही. ऐकून घेतं, घरी जातं, बायामाणसांत बोलतं. पुन्हा बसतं, मग सांगतं. तोवर गप्प म्हणजे नुसतं गप्प — होकार नव्हे. मॅडमना हे माहीत नव्हतं. मला होतं. तरी मी लिहिलं: गाव सहमत, शंका नाही.

पुढे नर्सबाईंच्या हातातल्या फोननं मानकूबाईला 'संशय नाही' म्हटलं. नर्सबाईंनी तिची थुंकी तपासायला पाठवली नाही. फोन नाही म्हणाला तरी खोकणाऱ्याला तपासा — असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? विचारणारीचा प्रश्न माझ्यापाशीच राहिला होता.

पावसाळाभर ती खोकत राहिली. दिवाळीनंतर चंद्रपूरला नेली, तिथं क्षय निघाला. औषध लागू पडलं, पण एक फुप्फुस कामातून गेलं.

ती आहे. चार पावलं चालली की बसते. मागच्या महिन्यात गेले, तर तिनं मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "मशीनले काय समजते, पोरी. तू त आमच्यासाठी किती फिरली."

मी म्हटलं — हो माय, मशीनच चुकली.

मग तिनं दिलेला कोरा चहा प्यायले.