माणूस कमी पडला

मॅच सुरू व्हायच्या आधी मुकादम मैदानावरची डोकी मोजायचे. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे, ओठ हलताहेत, नजर गोलकीपरपासून हळूहळू पुढे सरकते आहे. सहलीच्या बसमध्ये मुलं मोजणारे मास्तर तुम्ही पाहिले असतील, अगदी तसंच. अकरा पुरे झाले की हात खाली घेऊन समाधानाने म्हणायचे, "भरली गाडी!" मग रेफरी शिट्टी वाजवो न वाजवो, त्यांच्यापुरती मॅच सुरू झालेली असायची.

ही सवय धंद्यातली. तलासरीच्या आसपासच्या पाड्यांतून माणसं गोळा करून हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या कंपन्यांत पोचवायची, शिफ्ट सुटली की परत आणायची, हे त्यांचं काम. कंपनीला दर शिफ्टला ठरलेली डोकी लागत. एक जरी कमी भरलं तरी सुपरवायझर गेटवरच आवाज चढवायचा. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असोत की मयताला, मुकादमांचं बोट आपोआप चालायचं.

माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान कॉलेजच्या मैदानाला लागून आहे. दुकानासमोर सिमेंटचा कट्टा आहे आणि त्या कट्ट्यावर आमच्या कॉलेजच्या फुटबॉलची संसद भरते. निवृत्त प्राथमिक शिक्षक गुरुजी, उधव्याला गाड्यांच्या पार्ट्‌सचं दुकान असलेले शेठ, माझे यजमान आणि मुकादम हे कायमचे सभासद. गुरुजी शांतपणे बोलत, शेठ चिडून बोलत आणि आमचे हे शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूचे. चौघांपैकी एकानेही आयुष्यात बॉलला पाय लावलेला नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण रोज ताजा.

मुकादमांकडे प्रत्येक पराभवाचं एकच कारण असायचं. "माणूस कमी पडला." डिफेन्स फुटला, माणूस कमी पडला. पेनल्टी हुकली, तरी माणूस कमी पडला. एकदा मी म्हटलं, "अहो, पेनल्टीला एकच माणूस लागतो." तर म्हणाले, "वहिनी, तोच कमी पडला ना!"

टीमवर मात्र त्यांचा जीव होता, हे खरं. गोलला जाळी नव्हती, तर समुद्रकाठच्या आगर गावात नांदणाऱ्या मुलीकडून त्यांनी मासेमारीची जुनी जाळी आणून स्वतः बांधली. पहिला महिनाभर गोलपाशी सुकटीचा वास यायचा. समोरच्या टीमचा गोलकीपर नाक धरून उभा राहिला, तेव्हा मुकादमांना आपणच गोल मारल्यासारखा आनंद झाला होता.

हे वेड लागलं कुठून, हे मी एकदा विचारलं. लहानपणी ते आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून वीटभट्टीवर निघाले होते. वाटेत एका मैदानाजवळ ट्रक पंक्चर झाला. आत पोरं फुटबॉल खेळत होती. "मी टपावर उभा राहून बघितला," ते सांगत होते. "असा खेळ कधी बघितलाच नव्हता. कोणी मजुरी देत नाय, तरी एवढी धावतात! मग पंक्चर निघाला, गाडी सुटली. गोल आजून झाला नव्हता. कोण जिंकला ते आजपर्यंत माहीत नाय, वहिनी." हे सांगून ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

गेली काही वर्षं आमच्या टीमचं म्हणजे बुडत्याचा पाय खोलात. आंतरकॉलेज स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत घरी परतायचं, हा रिवाजच पडला होता. मग कोल्हापूरहून नवा कोच आला. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याच वेळी प्राचार्यांनी सांगून टाकलं, यंदाही पहिल्या फेरीत हरलात तर फुटबॉल बंद, आहे ते सामान कपाटात.

कोचने आल्या आल्या बॉलच लपवून ठेवला. पंधरवडाभर पोरं नुसती शेताच्या बांधांवरून पळत होती. कट्ट्यावर गदारोळ. शेठ म्हणाले, "माणस सारो छे, पण आ फुटबॉल छे के पोलीस भरती?" गुरुजी म्हणाले, "पाया घालतोय तो. धीर धरा." आमचे हे दोघांनाही मान हलवत होते.

खरी ठिणगी पडली ती कोचच्या नियमामुळे. सरावाला नाही, तर मॅचला नाही. सराव चारला, आणि सेकंड शिफ्टची गाडी सुटायची अडीचला. त्या गाडीत आमच्या टीमचे तिघे जात, त्यात आमचा गोलकीपर विलास. वेवजी गावचा पोरगा, शेवटच्या वर्षाला, लांब हातांचा. तिघांनाही कोचने बाहेर बसवलं. पुढच्या सराव सामन्यात बदली गोलकीपरने सहा गोल खाल्ले आणि कट्ट्याने एकमुखाने कोचला दोषी ठरवलं. सगळ्यात मोठा आवाज मुकादमांचा होता.

दुसऱ्याच दिवशी कोच ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढायला दुकानात आला. मुकादमांनी त्याला कट्ट्यावरूनच गाठलं. "सर, राग नका मानू, पण तुमचा माणूस कमी पडतो."

कोचने कागद नीट लावले. मग म्हणाला, "माणूस कमी पडत न्हाई, मामा. तो तुमच्या गाडीत बसून जातोय."

शेठ चपलेचा अंगठा बघत बसले, गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. पण कट्ट्यावरच्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्या गाडीत बसत होतं. शेठच्या दुकानातल्या नोकराचा भाऊ, गुरुजींचे जुने विद्यार्थी, माझ्या दिराचा मुलगा. आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेरून आलेला माणूस एका वाक्यात बोलून मोकळा झाला आणि पैसे देऊन निघून गेला.

त्यानंतर काही दिवस मुकादम कट्ट्यावर फिरकले नाहीत. आले ते दुपारच्या वेळी, कट्टा रिकामा असताना. स्टुलावर बसले, पाणी मागितलं.

"वहिनी, मी काय चोर हाय काय?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाय बोलला. पण मी काय बोलतो, विलासच्या आईनं स्वतः हात धरून त्याला माझ्या गाडीत बसवला. बापाची कंबर गेली, घरात कमावणारा कोणी नाय. आता मी त्याला उतरवू? आणि मी उतरवला, तर दुसऱ्याची गाडी उभीच हाय."

चूक कोचची नव्हती, त्यांचीही नव्हती. मला नुसतं वाईट वाटत होतं. पाणी पिऊन तेच म्हणाले, "फर्स्ट शिफ्टला टाकतो तिघांना. सकाळी नेतो, साडेतीनपर्यंत मैदानावर सोडतो." तसं केलंही त्यांनी. पोरांचं कॉलेज बुडालं, पण कॉलेजचं फुटबॉल वाचलं! विलास थकलेल्या डोळ्यांनी यायचा, नळाखाली डोकं धरायचा आणि ग्लोव्हज चढवून उभा राहायचा. कोच आणि मुकादम एकमेकांशी बोलत नसत. पण गाडी गेटवर थांबली की कोच घड्याळ बघायचा आणि मान डोलवायचा. तेवढ्यावर मुकादमांचा दिवस चांगला जायचा.

पहिल्या फेरीची मॅच डहाणूला होती, सकाळची. आदल्या दिवशी मुकादम कट्ट्यावर आले ते चेहरा पाडूनच.

"कंपनीत अर्जंट माल हाय. सुट्टी कोणाला नाय. डोकी कमी भरली तर परवापासून गाडी दुसऱ्याची लागणार, तोंडावर सांगितला."

"म्हणजे विलास नाही?" गुरुजींनी विचारलं.

"बदली चालतो. माणसाच्या जागी माणूस दिला की झाला, हा आपल्याकडचा रिवाजच हाय. आजारी भावाच्या जागी भाऊ जातोच ना. मला उद्यापुरती तीन डोकी पाहिजेत." आणि त्यांनी आमच्याकडे बघितलं. बोट मात्र पुढे केलं नाही.

वर्षभर डावा विंगर कुठे उभा राहावा यावर भांडणाऱ्या कट्ट्याला एकदम आपापली कामं सुचली. शेठना माल उतरवून घ्यायचा होता. गुरुजींचं वय झालं होतं, ते खरंच होतं. आमच्या ह्यांना त्या क्षणी बीपी आठवला. मुकादमांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "नाय, नाय, तुमची कामां नाय ती," असं उलट त्यांनीच समजावलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीत विलास आणि इतर दोघांच्या जागी मुकादम स्वतः, त्यांची बायको आणि धाकटा भाऊ बसून गेले. बायको पॅकिंगला, भाऊ माल उचलायला. विलासच्या प्रेस मशीनवर मुकादम. पूर्वी स्वतः काम केलेलं होतं, म्हणाले, हात विसरत नसतो.

आम्ही शेठच्या गाडीतून डहाणूला गेलो. माल उतरवायचं काम पुढे ढकललं गेलं होतं. बीपीही बरा होता. मागच्या सीटवर एक जागा रिकामी होती, तिथे कोणी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

मॅच कशी झाली, ते कट्ट्यावर विचारलंत तर तासभर सांगतील. मी थोडक्यात सांगते. आमचा एक गोल पहिल्या अर्ध्यात झाला. शेवटी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. बॉल उजव्या कोपऱ्यात खाली आला आणि विलासने अंग झोकून दोन्ही हातांनी तो बाहेर ढकलला. शिट्टी झाली. गुरुजी रडत होते, शेठ कोचला मिठी मारून गुजरातीत काहीतरी बोलत होते. फुटबॉल वाचलं होतं. कंपनीत फोन गेटवरच जमा करतात, नाहीतर मी त्याच मिनिटाला मुकादमांना फोन लावला असता.

फोन आला तो तिकडूनच. मुकादमांच्या भावाचा, विलासच्या मोबाईलवर. पोरं टेम्पोत बसून गाणी म्हणत होती. विलासने फोन कानाला लावला आणि हळूहळू टेम्पोतली गाणी थांबली.

प्रेसखाली हात सापडला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्यात ते मोजायचं बोट.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या हाताला मोठं बँडेज होतं. बायको पायाशी बसली होती, कंपनीच्या पॅकिंगचा ॲप्रन अजून अंगावरच. विलास दाराशी थांबला, आत येईना. मुकादमांनीच त्याला हाक मारली. औषधाने जीभ जड झाली होती.

"माणूस कमी नाय पडला ना?"

विलासने 'नाही' अशी मान हलवली. कोच भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ठेका गेलाच. ज्याला आता डोकी भरता येणार नाहीत त्याला ठेवून काय करायचं, असा कंपनीचा हिशेब असणार. गाडी विकली. मुकादम आणि बायको आता आगरला मुलीकडे असतात. गुरुजी एकदा जाऊन आले. डाव्या हाताने जाळं विणायला शिकताहेत, म्हणाले, पण गाठ बसत नाही. टीमचं काही विचारलं का, असं मी विचारलं. "सगळं विचारलं. ये म्हटलं, तर म्हणाले, आता मोजता येत नाय, येऊन काय करू," गुरुजींनी सांगितलं आणि ते चष्मा पुसू लागले.

कट्टा अजून भरतो. कोच टिकला, टीम कधी जिंकते, कधी हरते. दोन स्ट्रायकर खेळवावेत की एक, यावर परवाच शेठ आणि गुरुजींची बोलचाल बंद झाली होती. हरल्यावर माणूस कमी पडला, असं मात्र आता कोणीच म्हणत नाही.

विलास खेळतो. कंपनीत जात नाही. आईने त्याला त्या मशीनजवळ परत पाठवलं नाही. पण घर चालायला हवं, म्हणून त्याच्या जागी ती स्वतः पॅकिंगला जाते, नव्या ठेकेदाराच्या गाडीतून.

या आठवड्यात आमच्याच मैदानावर मॅच होती, अडीचची. अकरा पोरं आपापल्या जागी उभी होती. मी दुकानाच्या दारातून बघत होते. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वेळात नव्या ठेकेदाराची पांढरी गाडी भिंतीलगतच्या रस्त्याने आली. गेटसमोर म्हशी आडव्या आल्या म्हणून जरा थांबली. खिडकीशी विलासची आई होती. तिने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि जाळीसमोर उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघत राहिली. विलासचं लक्ष बॉलवर होतं.

म्हशी पार झाल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि गाडी सुटली. गोल अजून झाला नव्हता.