दाजींची वेसण

आमच्या दाजींच्या घरी कादंबऱ्यांनी गच्च भरलेली पाच कपाटं होती आणि त्यातल्या एकाही कादंबरीला शेवट नव्हता.

ही काही साहित्यिक टीका नव्हे. खरोखरच नव्हता. नवं पुस्तक घरात आलं की दाजी त्याला खाकी कव्हर घालत, आत कडुनिंबाची डहाळी ठेवत आणि मग ऑपरेशनच्या पात्यानं त्याचं शेवटचं पान असं अलगद काढून घेत, की पुस्तकाच्या शिवणीलाही पत्ता लागू नये. हात कसलेला होता. दाजी परंड्याला ढोर डॉक्टर होते. काढलेली पानं जनावरांची लस न्यायच्या एका जुन्या डब्यात जात आणि डब्याची किल्ली त्यांच्या जानव्याच्या जागी, म्हणजे गळ्यातल्या दोऱ्याला लटकत असे.

"पाव्हणं," ते मला म्हणाले होते, "खोंड असो न्हायतर पुस्तक, वेसण घातल्याबिगर दुसऱ्याच्या दावणीला बांधू नये. परत येत न्हाय."

पाव्हणं म्हणजे मी. अक्काचा धाकटा भाऊ, दाजींचा एकुलता एक मेव्हणा. मुक्काम मुरूम, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तीन गाड्या बदलून, अंगाचं भरीत करून घेत मी परंड्याला पोचायचो. तेव्हा अक्काच्या हातची आमटी खाण्याइतकाच पुस्तकं न्यायचा मोह असायचा, आणि हा माणूस सख्ख्या मेव्हण्यालाही शेवट काढलेलं पुस्तक द्यायचा.

वेसणीला कारण घडलं होतं म्हणा. तरुणपणी दाजी मागेल त्याला पुस्तक देत. एका साहेबांनी नेलेली कादंबरी त्यांच्या बदलीबरोबर नांदेडला गेली ती गेलीच. दुसरी एक दाजींना बाजारात भेटली, पण पानापानानं, भज्यांच्या खाली. तेल पुसून त्यांनी तिची जमतील तेवढी पानं घरी आणली आणि त्या दिवसापासून पातं हातात घेतलं. कवितेची पुस्तकं तेवढी सुटली. "कवितेला वेसण कशाला?" ते म्हणत. "तिला न्यायला येतंय कोण?"

पुस्तक परत आणून दिलं तरी शेवट लगेच मिळत नसे. आधी ओसरीवर बसून काय वाचलं ते सांगायचं. दाजी मध्येच एखादा प्रश्न टाकत. उत्तर पटलं तर डबा उघडे, पान हातात येई आणि ते त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचावं लागे. वाचून झालं की दाजी चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "मग? पटला का?" हो म्हणालात तर चहा. नाही म्हणालात तरी चहा, पण वर एक वाक्य: "मग पुन्यांदा पयल्यापासनं वाचा. कुटंतरी तुमचंच चुकलं आसंल."

लोक चिडत. पण येत. गवळी यायचे, किराणा दुकानदार यायचा, म्हशीला टोचून घ्यायला आलेला माणूस बगलेत कादंबरी घेऊन यायचा. दाजी पुस्तकांचं निदानही जनावरासारखंच करत. "हिला पोटफुगी झालीय. मधली साठेक पानं नुसता वारा हाय." नाहीतर, "हिची तब्येत चांगली, पण मागचे पाय लटके." माणसासारखी बोलणारी जनावरं असलेली गोष्ट मात्र त्यांना चालत नसे. "जनावर बोलत न्हाय, हाच त्याचा मोठेपणा हाय," म्हणत.

आता माझी फजिती. कॉलेजात असताना मी दाजींकडून दोन भावांची एक कादंबरी नेली. थोरला भाऊ वाटणीला आलेल्या माळावर विहीर खणतो, पाणी लागत नाही, धाकटा गाव सोडून जातो, असं काहीसं. असं काहीसं म्हणजे मी ती उड्या मारत वाचली होती. शेवटापाशी आलो आणि तिथं धाकटा गावाच्या वेशीत उभा. पुढं पान नाही. जीव कासावीस झाला. तसाच गाडी पकडून परंड्याला गेलो.

ओसरीवर मी गोष्ट अशी रंगवून सांगितली की अक्कानं भाकरी थापायची थांबवली. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, त्या थोरल्याच्या बैलाचं नाव काय वो?"

बैल मला आठवेना. पण परीक्षेत कोरा पेपर द्यायची आपली पद्धत नाही. मी म्हणालो, "सर्जा!" आणि दाजी गप्प राहिले म्हणून त्याला पांढरा रंग दिला, शिंगं दिली, एका शिंगाला मोडकं टोकही दिलं.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "त्या थोरल्याकडं बैलच न्हाय. बैल न्हाय म्हणून तर त्यो सबंध पुस्तकभर भावकीच्या दारात हुबा ऱ्हातुया. तुमी काय वाचलं?"

आत चुलीपाशी अक्का हसली. मी ते पुस्तक तिथंच ठेवलं आणि पुन्हा हात लावणार नाही असं मनाशी म्हणालो. पुन्हा वाचायचा कमीपणा कोण घेणार? पण शेवट डोक्यातून जाईना. सोलापूरच्या दुकानांत त्या कादंबरीची चौकशी केली, ती छापायची केव्हाच बंद झाली होती. दर दिवाळीला ओवाळणीच्या ताटापुढं बसून मी दाजींना म्हणायचो, "आता तरी द्या की ते पान." दर दिवाळीला तेच उत्तर, "बैलाचं नाव सांगा, लगेच देतो." माझं लग्न झालं, पोरं झाली, केस गेले. धाकटा आपला वेशीतच उभा.

गेल्या उन्हाळ्यात दाजी दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. लोक रडले, मीही रडलो. पण खरं सांगू? मला त्यांचा रागच जास्त आला. माणसानं असं जावं? सगळ्यांच्या वेसणी स्वतःच्या डब्यात ठेवून?

तेराव्यानंतर भाचा पुण्याला परतायच्या घाईत होता. तो म्हणाला, "मामा, एवढी पुस्तकं ठेवायची कुठं? रद्दीवाल्याला बोलावू?" अक्का एवढंच म्हणाली, "रद्दीत न्हाय." मग मी गावातल्या वाचनालयाच्या चिटणिसांना घेऊन आलो. त्यांनी हौसेनं एक पुस्तक उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. मग माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच कुरतडली आहेत. "शेवट चिकटवून द्या," ते म्हणाले. "कपाटांसकट घेतो. असली लंगडी पुस्तकं मात्र नकोत."

"त्यात काय!" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्यांची सुरुवात या दोन शब्दांनी झालेली आहे.

अक्कानं डब्याची किल्ली दिली, मैद्याची खळ करून दिली. डब्यातली पानं दाजींनी पुस्तकांच्या क्रमानं नीट लावून ठेवली होती. मी कपाटं रिकामी करून खोलीभर पुस्तकं मांडली, प्रत्येकावर त्याचं पान ठेवलं. दोन भावांचं पान सगळं चिकटवून झाल्यावर निवांत वाचायचं ठरवलं. सगळं कसं देखणं दिसत होतं. मे महिना, घामाच्या धारा लागलेल्या. खळही लवकर वाळेल अशा दुहेरी विचारानं मी उठलो आणि पंखा पाचावर लावला.

पुढचं सांगायला नको. पाच कपाटांचे शेवट एका क्षणात छताला जाऊन आले. काही पलंगाखाली, काही माळ्यावर, काही दारातून थेट अंगणात. एक शेजारच्या शेळीनं खाल्लं.

अक्का दारात येऊन उभी राहिली. "तुला त्यांनी पान दिलं न्हाय ते बरंच केलं," ती म्हणाली.

काही पानं कागदाच्या रंगावरून, काही पानांच्या आकड्यांवरून, काही नावांवरून लागली. पण एकाच आकड्याची चार-पाच पानं निघत. शिवाय शेवटाला आल्यावर लेखकांना नावं घ्यायचा कंटाळा येत असावा, जिकडंतिकडं नुसता 'तो' आणि 'ती'. हा कुठला तो आणि ही कोणाची ती, हे कळायला पुस्तकं वाचणं भाग होतं. सबंध. उड्या न मारता. मी कपाळाला हात लावून बसलो. दाजी वरून बघत असतील आणि चष्मा कपाळावर सरकवत असतील, या कल्पनेनं तर अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून सुट्टी लागली की मी परंड्याला. ओसरीवर वाचत बसतो, एकेक पान लावून बघतो. पहिल्याच खेपेला एक पान हातात धरून मी वैतागून मोठ्यानं वाचलं, "ती उठली, दिवा लावला आणि दार उघडंच ठेवलं."

शेंगा फोडत बसलेली अक्का म्हणाली, "व्हय, हे म्हाईतीय मला."

"कुठल्या पुस्तकातलं?"

"ते काय ठावं?" ती म्हणाली. "हितं बसून सगळी जणं शेवटच वाचायची की. मी आतनं ऐकायची. त्या बाईनं दार का उघडं ठेवलं, कुणासाठी ठेवलं, इतकी वर्सं माझ्या मनात हाय. त्यांना इचारलं तर म्हणायचे, पुस्तक वाच. आन् वाचायला हात कवा रिकामा हुता रं?"

पाच कपाटांतले शेवट हिच्या कानावरून गेले आणि सुरुवात एकाही गोष्टीची नाही. त्या दिवसापासून दाजींवरचा राग माझ्या एकट्याचा राहिला नाही.

मग आमची पद्धत बसली. मी पुस्तक वाचायचं आणि अक्काला पहिल्यापासून सांगायचं. सांगता सांगता ती मध्येच शेंगा फोडायची थांबते, "थांब, हा त्योच न्हवं का, शेवटाला स्टेशनावरनं माघारी फिरतो त्यो?" कधी बरोबर निघतं, कधी साफ चुकतं आणि पुन्हा दुसरं पान. शेळीनं खाल्लेला शेवट अक्कानं तोंडपाठ सांगितला, मी तो कोऱ्या पानावर लिहून चिकटवला. चांगला झालाय. दारातल्या बाईचं पुस्तकही सापडलं. दार कुणासाठी उघडं होतं हे सांगितल्यावर अक्का उठून आत गेली आणि तिनं बराच वेळ भांडी घासली.

दोन भावांची कादंबरी मी मुद्दामच मागं ठेवली होती. तिच्या आकड्याची तीन पानं उरली होती, तीही मी न वाचताच ठेवलेली. मी ती एकेक करून अक्कापुढं वाचली. दोन तिनं लगेच ओळखली. तिसरं ऐकताना ती हातातली शेंग तशीच धरून बसली.

"हे म्या कवाच ऐकलं न्हाय," ती म्हणाली. "हे हितं कुणीच वाचलं न्हाय."

म्हणजे माझ्यानंतर दाजींनी ते पुस्तक कुणालाच दिलं नव्हतं.

पानात फार काही नव्हतं. धाकटा वेस ओलांडून आत येतो. विहिरीला पाणी लागलंय की नाही, तेही लिहिलेलं नाही. थोरला काठावर बसलाय, धाकटा त्याच्याशेजारी जाऊन बसतो, दोघं खाली बघत राहतात. संपलं. एवढ्यासाठी माझी इतक्या दिवाळ्यांची ओवाळणी नासली!

अक्कानं माझ्याकडं बघितलं. चष्मा तिला नाही, म्हणून तिनं नुसताच पदर सावरला.

"मग? पटला का?"

"न्हाय," मी म्हणालो. "अजिबात न्हाय पटला."

"मग पुन्यांदा पयल्यापासनं वाच," अक्का म्हणाली आणि शेंगांचं सूप बाजूला सारून बसली. "मोठ्यानं वाच. आन् त्या थोरल्याकडं बैल न्हाय, एवढं ध्यानात ठेव."