धुळ्याच्या नानांचा फुकटचा घोडा

जिनिंगचं आवार कितीही झाडा, कोपऱ्यात कापसाचे पुंजके जमतातच. आमच्या जळगावच्या बुद्धिबळाच्या बैठकीचे किस्से असेच साचले, आणि बहुतेक सगळे धुळ्याच्या नानांपाशी.

नाना कोर्टातले निवृत्त कारकून. चाळीसगावला गाडी बदलून यायचे, आणि चौथ्याच खेळीला एका प्याद्यापायी घोडा द्यायचे. वर सांगायचे, "डाव कच्चा आहे. घोडा मारा आणि स्वस्थ बसा, मी हरतो."

आम्ही सगळे व्यापारी. आपल्याच मालाची खोड सांगणारा माणूस जन्मात पाहिला नव्हता.

*

असोद्याचे आबा केळीवाले. त्यांनी त्या घोड्याला हातच लावला नाही. "फुकट देऊन राह्यला, म्हंजे लंगडा असीन."

त्याच लंगड्या घोड्याने बाराव्या खेळीला मात केली. पैजेला बैठकीचा पट होता, माझ्या वडिलांचा शिसवी, तो धुळ्याला गेला. आमची रीतच तशी: पट जिंकेल त्याच्या गावी, बरोबरी झाली तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच.

*

बोदवडचे एक वैद्य. त्यांनी घोडा मारला, पण मग घाबरून वजीर कोपऱ्यात नेऊन बसवला.

"वजीर आजारी आहे का?" नानांनी विचारलं.

"सुरक्षित आहे."

राजावर मात झाली तेव्हाही वजीर सुरक्षितच होता.

*

वडिलांचा पट आता मीच परत आणायचा, असं ठरवलं. घरी डाव मांडून बसलो. बायको शेजारी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मारायचा की घोडा. त्यात एवढं काय?"

हिचं माहेर धुळ्याचं. त्या दिवसापासून मी दार लावून सराव केला.

*

शेवटी गाठ पडली. नाना पट घेऊनच आले होते. चौथ्या खेळीला घोडा पुढे आला. मी छातीवर दगड ठेवून मारला आणि स्वस्थ बसलो. होता होता नानांकडे राजा आणि दोन प्यादी उरली. माझे दोन्ही हत्ती उभे.

नानांनी राजा आडवा केला. "हरलो, भाऊ."

मी पटाकडे पाहिलं, मग नानांकडे. तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस इतक्या सहज कबुली देतो?

"राजा उभा करा, नाना," मी म्हणालो. "मला नका शिकवू. बरोबरी."

"अहो भाऊ, पण..." आबा मागून म्हणाले.

"तुम्ही मधे बोलू नका."

नानांनी राजा उभा केला, माझा हात हातात घेतला, आणि पट बगलेत मारून स्टेशनकडे चालू लागले.