सकाळच्या सैल वाती

निरांजनातली फुलवात तुपात उभी राहिली पाहिजे, हे मला मुंज झाल्यापासून ठाऊक आहे. ती कोणाच्या बोटांच्या बळावर उभी राहते, हा प्रश्न मात्र सत्तरी उलटेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या देवघरात वाती आडव्या पडू लागल्या, तेव्हा तो आला.

हिने, म्हणजे माझ्या पत्नीने, लाख वातींचा संकल्प सोडला होता. लाख फुलवाती आपल्या हाताने वळायच्या आणि पुऱ्या झाल्या की देवीपुढे उजळून व्रताचे उद्यापन करायचे, असा तो नेम. कापसाचा लहानसा पुंजका तळहातावर पसरायचा, मधोमध चिमटीत उचलायचा आणि दुधाचे बोट लावून टोकाला पीळ द्यायचा. पीळ नीट बसला तर वात उभी, नाही तर ती तुपात लोळण घेते आणि ज्योत तडतडून विझते. ही दोन वेळा वाती करी: पहाटे पूजेआधी आणि दुपारी चहानंतर. पहाटेच्या वाती पितळी डब्यात जात, दुपारच्या परडीत. रोजच्या निरांजनाला मी दोन्हींतून घेई; आडव्या पडत त्या सगळ्या डब्यातल्या, हे ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले.

मी आयुष्यभर संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवले. जे असताना कार्य घडते आणि जे नसताना घडत नाही, ते त्या कार्याचे कारण, हे मी मुलांना कंटाळा येईपर्यंत घोकवले होते. तरीही पहिला दोष मी कापसाला दिला. गगनबावड्याकडून येणारी हवा त्या दिवसांत इतकी ओली असते की आमच्याकडे मीठसुद्धा पाघळते. आम्ही ज्या पिंजाऱ्याकडून कापूस आणत असू त्याच्या दुकानी मी गाठोडे काखेत मारून गेलो.

"चाचा, या खेपेचा कापूस ओला आहे. वात उभी राहत नाही."

चाचांनी बोंडाएवढा कापूस ओढला, कानाशी धरून तो चोळला आणि माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, ह्याच कापसाच्या गाद्या घातल्यात न्हवं का लग्नाच्या. नवरी तक्रार करंना, आन् तुमची वात करतीया व्हय?"

"सकाळच्या वाती पडतात. दुपारच्या ठीक असतात."

"म्हंजी सकाळी कापूस वायला आन् दुपारी वायला? कापसाला घड्याळ कळतंय का, गुरुजी?" शेजारचा शिंपी मशीन थांबवून हसला. चाचांनी मला चहा पाजला आणि गाठोडे होते तसे परत दिले.

थट्टा खरी होती, म्हणून ती डोक्यातून जाईना. रात्री कापूस शेगडीच्या उबेला ठेवून पाहिला. सकाळची वात पडलीच. देवघरातला दिवा बदलून उजेड वाढवला; वात पडली. कापूस तोच, दूध तेच, पाट तोच. उरला तो हात. आणि हातही तोच आहे, असे मी मनाशी म्हणत होतो.

मग एका पहाटे मी जप अर्धवट सोडून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ही चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसली होती. पीत नव्हती, नुसता धरला होता. नळ वाहत होता; तो बंद करायला ती पेला ठेवून उठली आणि मनगटाने दाबू लागली. बोटांच्या मुळांशी असलेले दोन सांधे फुगलेले, वरची कातडी ताणून चकाकणारी.

"हे काय?" मी विचारले.

"बोटं अजून उठली नाहीत. भांडी होईपर्यंत उठतात."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून असेल."

"मला सांगितलं नाहीस."

"तुमचे गुडघे दुखतात ते तुम्ही साऱ्या गल्लीला सांगता. एका घरात एक पुरे."

माझे गुडघे खरोखरच घरातला मोठा विषय होते. त्यांच्या दुखण्याला आम्ही वात म्हणत असू, आणि हिच्या बोटांनाही तिने मनातल्या मनात तेच नाव दिले होते. तेच तेल, तोच निरगुडीचा शेक, तीच विश्रांती. पण आता तर्क जागा झाला होता. माझा गुडघा देवळाच्या पायऱ्या चढून आल्यावर संध्याकाळी दुखतो आणि रात्रीच्या झोपेने निवतो. हिची बोटे रात्रभर निजून पहाटे आखडतात आणि काम केल्यावर सुटतात. एकाला विश्रांती हे औषध, दुसऱ्याला विश्रांतीच बाधते. दोन्ही दुखण्यांचे नाव एक असेल, पण कारण एक असणे शक्य नव्हते. हा विचार मला इतका रंजक वाटला की त्यात हिच्या वेदनेचा क्षणभर विसर पडला.

राजारामपुरीत सांध्यांच्या विकाराच्या एक डॉक्टरबाई बसतात. माझ्या नातीच्या वयाच्या वाटाव्यात इतक्या लहान. त्यांनी हिचा एकेक सांधा दाबून पाहिला, मग मुठीच्या सगळ्या सांध्यांना एकदम हलका दाब दिला, तशी ही ओठ मिटून घेती झाली. "सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, काकू?"

उत्तर मी दिले. खिशातून कागदाच्या दोन पुड्या काढून टेबलावर ठेवल्या: एकीत पहाटेच्या वाती, दुसरीत दुपारच्या. हिने कपाळावर हात मारला नाही, एवढेच.

डॉक्टरबाईंनी दोन्ही वाती उभ्या करून पाहिल्या. एक पडली. "काका, तुमच्या गुडघ्यात झीज आहे," त्या म्हणाल्या, "बिजागरी झिजावी तशी. काकूंच्या बोटांत दाह आहे. रात्री हात हलत नाही तेव्हा सांध्यात पाणी साचतं, आणि दाह वाढवणारी द्रव्यंही शरीरात पहाटेच्या सुमारास जास्त असतात. म्हणून सकाळचा पीळ सैल."

त्या दाह म्हणत होत्या, मी मनात शोथ म्हणत होतो. पण गोष्ट एकच होती. मी विचारले, "दाह हा शत्रूच का?"

"मुळीच नाही. काटा रुतला की तिथं लाली येते, ऊब येते, सूज येते, ठणकतं. ते शरीराचं रक्षणच आहे. त्याच्यावाचून जखम भरणार नाही. काकूंच्या बाबतीत रक्षण करणारी फौज सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परकं समजली आहे. काटा नाही, पण लढाई चालू."

"हा गैरसमज का झाला?"

"थोडा भाग रक्ताच्या नात्यातून येतो. तंबाखूचा संबंध आहे, हिरड्यांच्या रोगाचाही असावा. पण यांनाच का आणि आत्ताच का, हे आम्हाला अजून नीट माहीत नाही."

हे उत्तर मला फार आवडले. माहीत नाही असे स्वच्छ सांगणारा गुरू मला आयुष्यात क्वचितच भेटला आहे. मी पुढे म्हणालो, "आमच्याकडे होमात अग्नीचे आवाहन करतात, आहुती देतात, आणि काम झाले की त्याचे विधिपूर्वक विसर्जन करतात. विसर्जनावाचून कर्म पुरे होत नाही. या सांध्यात विसर्जन राहून गेले आहे, असे म्हणावे का?"

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "म्हणा की. दाह शमणं हे आपोआप होत नाही, काका. पूर्वी तसं समजत. आता दिसतं की दाह पेटवण्यासारखंच तो शमवणं हेही शरीराला करावं लागणारं काम आहे. त्याची वेगळी द्रव्यं असतात."

मला आणखी विचारायचे होते. शमन करणारी द्रव्ये कोठून येतात, त्यांना वेळ झाली हे कसे कळते. ही माझी बाही ओढून म्हणाली, "अहो, हा दवाखाना आहे, वादसभा नव्हे. बाहेर माणसं बसलीत."

रक्ताच्या तपासण्या झाल्या, हातांचे एक्स-रे झाले. हाडांच्या कडा अजून शाबूत होत्या. डॉक्टरबाईंनी हिला समोर बसवून सांगितले की एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज कदापि नाही. जोडीला दुसऱ्या दिवशी एक जीवनसत्त्वाची. मधूनमधून रक्त तपासायचे. ताप आला तर लगेच कळवायचे. आणि गुण यायला आठवडे लागतील. "सूज आहे तोवर हा चिमटीतला पीळ नको. बोटं हलवा, कोमट पाण्यात उघडझाप करा, पण पीळ नको. सूज उतरली की भरपूर द्या. दाह असाच राहिला तर हाड खाल्लं जातं, बोटं एका अंगाला झुकतात, आणि मग ती सरळ करणारं औषध नाही."

हिने गोळ्या आणल्या, देवघराच्या खणात ठेवल्या आणि तिथेच राहू दिल्या.

"उद्यापन झालं की घेईन," ती म्हणाली. "देवीच्या दिव्यासाठी हात दुखतोय, दुखू दे."

वाती दिवसाला निम्म्यावर आल्या होत्या. या गतीने लाख पुरे व्हायला वर्ष गेले असते, आणि बोटांना वर्षाचा अवधी नव्हता. मी रागावून पाहिले, समजावून पाहिले. शेवटी तिनेच मला पेचात टाकले. "शास्त्र काय म्हणतं ते सांगा. पण माझी काळजी बाजूला ठेवून सांगा. मला बरं वाटावं म्हणून शास्त्र वाकवू नका."

असे बजावल्यावर खोटे बोलण्याची सोय उरत नाही. मी पोथ्या काढल्या. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, हे निःसंशय होते. आजारी माणसाच्या व्रतात प्रतिनिधी चालतो आणि पती हा योग्य प्रतिनिधी, हेही होते. अडचण एकच होती: फळाची इच्छा धरून केलेल्या व्रतात प्रतिनिधी चालतो की नाही, याबद्दल मतभेद आहेत. म्हणून मला तिला विचारावे लागले, जे मी कधी विचारले नव्हते.

"संकल्पात काय मागितलं होतंस?"

तिने हातातला कापूस खाली ठेवला. मग म्हणाली, "काही नाही. मुलं परगावी. स्वयंपाक दोघांचा, तो तासाभरात होतो. हात मांडीवर ठेवून बसायला लागले होते मी. रिकामे हात मला बघवेनात."

"मग व्रत निष्काम आहे. तुझ्यासाठी वाती मी वळल्या तर शास्त्राची हरकत नाही."

"शास्त्राची नसेल," ती म्हणाली. "पण तुम्ही वाती वळल्यात तर माझे हात कसे भरतील?"

शास्त्राने दार उघडले होते आणि त्या दारातून आत जाण्यात तिला काही अर्थ नव्हता. पोथी बांधून ठेवली आणि म्हणालो, "शास्त्र संपलं. आता माझं ऐक. हात रिकामे नकोत म्हणून तू हे घेतलंस. बोटं झुकली की ते मरेपर्यंत रिकामे राहतील, आणि मग कुठलंच व्रत घेता येणार नाही. वाती थांबतील, देवी थांबेल. तो आतला अग्नी थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी पूजा चालू असताना मागून आवाज आला, "आठवड्यातला कुठला वार म्हणाल्या त्या?"

"कुठलाही. पण एकच."

"मग शनिवार. शुक्रवार देवीचा, त्या दिवशी गोळीचं नाव नको."

निरांजन मात्र रोज लागायचे होते, तेव्हा रोजच्या वाती मी वळू लागलो. माझी पहिली वात पाहून ही म्हणाली, "ही वात आहे की उंदराचं शेपूट?" समोर बसून ती सूचना करी: दूध कमी, पीळ उलटा, कापूस इतका आवळू नका, तो काय चोर आहे? माझ्या वाती तिने आपल्या लाखात घेतल्या नाहीत. "तुमच्या तुम्हाला लखलाभ," म्हणून त्या वेगळ्या ठेवल्या.

पहिले काही आठवडे गुण दिसला नाही. रविवारी तिला मळमळे, अन्न नको होई. दोनदा तिने गोळी सोडायची भाषा केली. डॉक्टरबाईंनी मात्रा बदलली. रक्तातला दाहाचा आकडा उतरू लागला तरी बोटांना ते कळले नव्हते. आकडा आधी उतरला, सूज नंतर, आणि भीती सगळ्यांत शेवटी. एक सांधा थोडा वाकडा राहिला तो राहिलाच. हा विकार गेलेला नाही, शांत झाला आहे, असे डॉक्टरबाई प्रत्येक खेपेला आठवण करून देतात, आणि ही मान डोलावते.

थंडी संपता संपता तिने पुन्हा वाती हाती घेतल्या, प्रथम थोड्या. लाख अजून पुरे व्हायचे आहेत, आणि ते केव्हा होतील याची तिला घाई दिसत नाही. पण मला आठवतो तो त्याआधीचा एक दिवस. सकाळची न्याहारी चालली होती. मी लोणच्याची बरणी पुढे ओढली आणि झाकण फिरवू लागलो. फिरेना. टॉवेल घेतला, फिरेना. आदल्या रात्री कोणी आवळले होते ते मला माहीत होते, कारण घरात आम्ही दोघेच.

"द्या इकडे," ती म्हणाली. पदराचे टोक झाकणावर धरून तिने मनगट वळवले, बरणी उघडली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "फोड मोठी देऊ की लहान?"