काठी पहाटे चढते

आमच्या घराकडे ग्रामदैवताच्या काठीचा मान आहे. गाव मंचरच्या पलीकडे, घोडनदीपासून थोडं आत, देऊळ टेकडीवर. काठी म्हणजे तीन पुरुष उंचीचा वेळू, त्याला गुंडाळलेलं लाल कापड, टोकाला पितळी कळस आणि मोरपिसांचा कुंचा. तिचा बुडखा कमरेला बांधलेल्या चामड्याच्या वाटीत बसवायचा, दोन्ही हातांनी ती उभी धरायची आणि टेकडी चढायची. वरून सोडलेल्या दोऱ्या धरून दोघे जण तोल सांभाळतात, पण भार एकट्याचा. पायथ्याशी उचललेली काठी देवळापुढच्या दगडी खोबणीत उभी करेपर्यंत वाटेत कुठे टेकवायची नाही. आणि हे सगळं चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी, सूर्य उगवायच्या आत.

वडिलांनी हा मान मिसरूड फुटल्यापासून चालवला. त्यांचे गुडघे गेले तेव्हा तो माझ्याकडे आला. मी जुन्नरला कचेरीत कारकून. सुरुवातीची काही वर्षं अंगातल्या जुन्या ताकदीवर निभावलं. पुढे बसून बसून पोट सुटलं, मांड्या सैल झाल्या, आणि एका यात्रेला टेकडीच्या मधल्या वळणावर माझा श्वास तुटला. पाय लटपटायला लागले. काठी कलली तशी दोरी धरलेल्या धाकट्या चुलतभावानं पुढं होऊन ती आपल्या कमरेला घेतली आणि वर नेली. त्यानं घेतली नसती तर ती आडवी झाली असती, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. पण गावची रीत अशी की लागोपाठ दुसऱ्या वर्षी काठी दुसऱ्यानं पोहोचवली, तर मान त्याच्या घरी जातो.

वडील पायथ्याच्या दीपमाळेपाशी घोंगडी टाकून बसलेले होते. अंधुक उजेडात माणसाचं तोंड दिसत नाही, पण कळस दिसतो. कळस वळणावर थांबलेला त्यांनी पाहिला, हललेला पाहिला, आणि पुन्हा चालायला लागल्यावर चाल वेगळी आहे हेही त्यांना कळलं. मी खाली आलो तर ते एवढंच म्हणाले, "पुढल्या साली बघू." त्या वर्षभरात मी गावी गेलो की ते पिकाचं बोलत, बैलांचं बोलत. काठीचं नाव त्यांनी काढलं नाही.

चुलतभाऊ मात्र स्पष्ट बोलला. तो तालमीत वाढलेला. म्हणाला, "दादा, तुमी कचेरीत बसून निस्ती गादी झालाय. पहाटं उठा, म्हेनत करा. दुसरा विलाज न्हाई."

उपाय मलाही पटत होता. अडचण पहाट ही होती. मी जन्मापासून उशिरा उठणारा. दिवस डोक्यावर येईपर्यंत माझं अंग माझं नसतं. हात उचलायचा म्हटला तरी त्याची आर्जवं करावी लागतात. उलट दिवस कलला की मला हुशारी येते. कचेरीतला अवघड ताळा मी नेहमी तिसऱ्या प्रहरानंतर काढत असे, आणि तो सहसा चुकत नसे. हा आळस आहे असं सगळे म्हणत, आणि मीही तसंच समजत होतो.

तरीही मी कसूर केली नाही. जुन्नरच्या तालमीतल्या वस्तादांना भेटून परवानगी घेतली. लवकर जेवलो, लवकर अंथरुणावर पडलो, झोप येईपर्यंत आढ्याकडे बघत राहिलो. पत्नी अंधारात उठवायची, डोळ्यांना थंड पाणी लावायची. तालमीत पोरं हौद्यातली माती खणत असायची, तोवर मी कोपऱ्यात जोर काढायचा प्रयत्न करायचो. चार जोर झाले की डोळ्यांपुढं काजवे. वस्ताद भले होते. पण एकदा मी भिंतीला टेकून उभ्यानं झोपलो तेव्हा त्यांनी सगळ्यांना शांत राहायला सांगितलं आणि मला झोपू दिलं. जागा झालो तर पोरं ओळीनं उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्यानंतर कचेरीत एका उताऱ्यावर माझं डोकं टेकलं आणि सर्व्हे नंबरावर शाईचा डाग पडला. साहेबांनी विचारलं की प्रकृती बरी आहे ना. ज्या दिवशी तालमीत जावं त्या दिवशी कचेरीतलं काम बिघडे, आणि ज्या दिवशी काम नीट होई त्या दिवशी मी तालमीत गेलेलोच नसे. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे दिसल्यावर मी तो बंद केला.

आमच्या बिऱ्हाडाकडे जायची वाट कागद्यांच्या आळीतून होती. त्या काळी जुन्नरात हातकागद करणारी मुसलमान कुटुंबं बरीच उरली होती, तरी गिरणीच्या कागदापुढं धंदा उतरणीलाच लागला होता. चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटाचा नि रद्दीचा लगदा कुटायला त्यांच्याकडे पायानं चालवायचं एक मोठं कांडण असे: लांब लाकडी तुळई, तिच्या एका टोकाला जड ठोकळा. दुसऱ्या टोकावर दोन माणसांनी जोडीनं उभं राहून पाय दाबायचा, की ठोकळा उचलला जाई. पाय सोडला, की तो खालच्या खळग्यातल्या लगद्यावर आदळे. वर आधाराला एक दोर टांगलेला.

एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मी तिथून चाललो होतो. एका कारखान्यातला ठोका रोजच्यासारखा पडत नव्हता. डोकावलो तर कागदी एकटाच तुळईवर घामाघूम झालेला. त्याचा जोडीदार गिरणीत काम बघायला मुंबईला निघून गेला होता. माझ्याच वयाचा हा माणूस, कचेरीत वहीसाठी कागद द्यायला येई तेव्हापासून ओळखीचा. म्हणाला, "भाऊसाहेब, बघताय काय? या, एक पाय द्या. सरकारचं काही जात न्हाई."

तो चेष्टेत म्हणाला होता. मी का चढलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा भिडेनं. जोडे काढले, धोतर खोचलं, दोर धरला. थोड्याच वेळात धाप लागली. पण डोळ्यांपुढं काजवे आले नाहीत. दिवस मावळला, मगरिबच्या नमाजाची बांग झाली तसा तो उतरला आणि हात धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी मांडीत नेमकी तिथेच कळ होती, जिथून टेकडीच्या वळणावर पाय गेले होते. त्या कळेनं मला जे सांगितलं ते तालमीत कुणाला सांगता आलं नव्हतं. संध्याकाळी मी पुन्हा गेलो.

मग तो नेमच झाला. कचेरी सुटल्यापासून मगरिबच्या बांगेपर्यंत मी कांडणावर. कागद्याला फुकट जोडीदार मिळाला होता, आणि तो ते लपवत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, सरकारनं माझ्याकडे एक कारकून गहाण ठेवलाय. मला सवयीनं पाय मोजायची खोड होती आणि मोजताना ओठ हलत. त्यानं एकदा कांडण थांबवलं. "मनात मोजा, भाऊसाहेब. तुमच्या पुटपुटण्यानं माझा शेजारचा पोपट आकडे शिकायला लागलाय." पोपट खरंच होता, आकडे शिकला नाही.

कचेरीतल्या लोकांना बातमी लागायला वेळ लागला नाही. काहींनी मला कागदीसाहेब म्हणायला सुरुवात केली. घरी पत्नीला लोकांपेक्षा चुन्याच्या पाण्याच्या वासाची अडचण जास्त होती. तिनं त्या कामाचं एक जुनं धोतर वेगळं काढून ठेवलं आणि ते आत आणायला बंदी केली. पण मला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली, आणि थंडी सरता सरता मी कांडणावर उभा राहून कागद्याशी बोलू शकायला लागलो. कमरेच्या करगोट्याची गाठ आत सरकली. मला वाटलं, जमलं.

शिमग्याच्या सुमारास एकदा जेवताना मी हे सगळं पत्नीला जरा फुशारकीनं सांगत होतो. तिनं ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "काठी संध्याकाळी चढते का?"

इतके महिने मी मांडीचा विचार केला, श्वासाचा केला, कमरेचा केला. वेळेचा केला नाही. मी, ज्याला कचेरीत ताळा चुकलेला चालत नाही, त्यानं बेरजेतली पहिलीच रक्कम सोडली होती.

खात्री करून घ्यावी म्हणून मी कागद्याला सांगून एका पहाटे कांडणावर गेलो. तोच दोर, तीच तुळई, तोच जोडीदार. पाय दगडाचे. ठोकळा नीट उचलला जाईना. कागद्यानं माझ्याकडे निरखून बघितलं आणि तो हसला नाही, त्यावरून मी काय ते समजलो. "संध्याकाळी या," एवढंच म्हणाला.

यात्रेला गावी गेलो ते जड मनानंच. आमच्याकडची रीत अशी की आदल्या दिवशी दिवेलागणीलाच काठीवाल्याला जेवू घालतात आणि आतल्या खोलीत निजवतात. रात्री छबिना निघतो, सगळा गाव पालखीबरोबर फिरतो, पण काठीवाल्यानं ताजं राहायचं म्हणून त्याला कुणी हाक मारत नाही. वडील तसेच निजत आले, मीही निजत आलो. खरं म्हणजे मी निजत नसे. वाजंत्री ऐकत कूस बदलत पडायचो आणि पहाटे कुठे डोळा लागला की उठवायला यायचे.

त्या दिवशी पत्नी माझं अंथरूण घालायला म्हणून आत आली आणि वळकटी तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, "अहो, तुम्ही निजूच नका. छबिन्याबरोबर चालत राहा. उठायचंच नाही म्हटलं तर पहाट तुमच्या आड येणार कशी?"

मी विचार केला. झोपून उठलेल्या माणसाची ती सकाळ. जागलेल्या माणसाला ती आदल्या दिवसाचीच अखेर. अंग तापलेलं, पाय चालते. हिशेब बरोबर होता. पण रीत मोडायची तर वडिलांना विचारणं भाग होतं, आणि वर्षभर ज्या विषयाला दोघांनी हात लावला नव्हता तो मलाच काढावा लागला.

वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं. काठीवाला आजवर कधी जागला नाही, असं म्हणाले. मग बराच वेळ गुडघे चोळत राहिले. "म्या निजायचो, कारन मला पडल्या पडल्या झोप लागायची. तू निजून काय करतोस?"

"पडून राहतो. उजाडता उजाडता डोळा लागतो."

"आन् हे मला आज सांगतोस?" ते म्हणाले. "मग जाग. कुनी इचारलं तर माझं नाव सांग."

मी पालखीबरोबर गावभर चाललो. लोकांनी विचारलं, मी वडिलांचं नाव सांगितलं. अंगावरचा घाम वाळू दिला नाही. आकाश फिकट व्हायला लागलं तेव्हा आम्ही टेकडीच्या पायथ्याशी होतो, आणि मी कमरेला वाटी बांधली.

चढणीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. काठी हलकी नव्हती. वळणाच्या अलीकडे श्वास जड झाला. चुलतभाऊ उजवी दोरी धरून होता, तो खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, हात देऊ का?" त्याच्या विचारण्यात लोभ नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मला बोलता येत नव्हतं. मी नको म्हणून मान हलवली आणि पाय टाकला, मग दुसरा. कांडणावर जसा दाबून सोडत असे तसा. वळण मागे गेलं. देवळापुढच्या खोबणीत बुडखा बसला तेव्हा चुलतभावानं दोरी सोडून आधी स्वतःचं कपाळ पुसलं आणि मग माझं.

खाली उतरलो, वडिलांच्या घोंगडीवर बसलो. त्यांना वळणाचं सांगायचं होतं. त्यांनी हातानंच थांबवलं. कळस त्यांनी पाहिला होता. नंतरचं मला आठवत नाही, कारण मी तिथेच आडवा झालो.

पत्नीनं मागाहून सांगितलं ते असं. ऊन वर आल्यावर ढोल-लेझीमवाले नाचत पायथ्याशी आले. दरवर्षी ते दीपमाळेला फेरा घालतात. वडिलांनी आयुष्यभर कोंबड्याच्या आधी उठून मला अंथरुणातून ओढून काढलेलं. त्यांनी बसल्या जागेवरून आपली टेकायची काठी आडवी धरली आणि सगळा ताफा थांबवला.

"पल्याडनं जावा रं," ते म्हणाले. "त्यो निजलाय."